कासवाचा सातवा काप

डोकं अलगद वर निघालं. मानेचा तुकडाही निघाला. पुढच्याला जरा अंगठ्याने रेटावं लागलं, त्याच्या पुढच्याला दोन अंगठ्यांनी. सातव्या कापापाशी मी कासव उलटं केलं, वरून निघत नाही तर खालून तरी निघेल म्हणून. खालूनही निघालं नाही. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक ब्लेड वर-खाली चालवणाऱ्या यांत्रिक करवतीवर, तासभर वाकून कापलेलं नऊ तुकड्यांचं कोडं, आणि त्याचा मागचा अर्धा भाग न कापल्यासारखा घट्ट.

आधी मला यात एक चूक सापडली. ती खरी होती, मी दुरुस्तही केली, आणि काप तसेच अडकत राहिले. म्हणून सगळं घडलं त्या क्रमाने लिहिते.

काय कापायचं होतं

सागाची २० मिमी जाडीची फळी. कासव २४० मिमी लांब, पाठीवर १३० मिमी रुंद. डोक्यापासून शेपटीपर्यंत आडवे आठ काप, म्हणजे नऊ तुकडे. प्रत्येक कापाला दोन घुंड्या, शेपटीच्या शेवटच्या कापाला एकच. घुंडी म्हणजे जिगसॉच्या तुकड्याला असतो तसा गोल डोक्याचा, बारीक मानेचा उंचवटा. घुंडी एका तुकड्याला, खोबण शेजारच्याला. असे तुकडे ओढून सुटत नाहीत. वर किंवा खाली सरकवूनच निघतात. उभ्या राहणाऱ्या कोड्याची सगळी गंमत त्या सरकण्यात आहे. आणि ते सरकणं एकाच गोष्टीवर अवलंबून असतं: कापाची भिंत फळीच्या पृष्ठभागाशी काटकोनात आहे की नाही.

लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात नकाशे लाकडावर चिकटवून देशांच्या सीमांवर कापले, तेव्हा त्याला ही चिंता नव्हती. त्याच्या बहुतेक तुकड्यांना घुंड्या नव्हत्या, ते नुसते शेजारी शेजारी मांडायचे. भिंत थोडी कलली तरी कुणाचं काही अडत नाही. घुंडी आली की सहा-सात मिमीच्या प्लायवर जी चूक लपून जाते, तीच २० मिमीच्या फळीत दात दाखवते.

ब्लेड पाच नंबरची, बिनपिनची, खाली काही दात उलटे असलेली. कापताना खालच्या बाजूच्या चिंध्या कमी निघतात म्हणून मी बहुतेक वेळा तीच लावते. मशीनचा वेग मी कमी ठेवला होता, मिनिटाला सहाशे स्ट्रोकच्या आसपास, कारण साग जळेल अशी भीती. आधी बाहेरची रेषा कापली, मग डोक्याकडून सुरुवात करून आठ काप. सगळं मिळून दोन मीटरच्या वर. एकाच ब्लेडने.

हे शेवटचं वाक्य लिहिताना आता लाज वाटते. तेव्हा मात्र मला त्याचा अभिमान होता: एक ब्लेड, तुटली नाही, पूर्ण कासव.

आणखी एक. प्रत्येक काप झाला की तो तुकडा लगेच सरकवून बाजूला काढायचा असतो. मी काढले नाहीत. छोट्या होत जाणाऱ्या फळीपेक्षा पूर्ण कासव दोन हातांत धरायला बरं वाटत होतं, आणि काप पूर्ण असल्यामुळे तुकडे आपापल्या जागी बसून राहात होते. परिणाम असा की तिसऱ्या-चौथ्या कापाला जे कळायला हवं होतं, ते आठवा संपल्यावर कळलं.

टेबलावर आळ

तिरकी भिंत म्हटलं की पहिला संशय टेबलावर जातो, आणि तो जायलाच हवा. स्क्रोल सॉचं टेबल तिरकं करता येतं, त्याखाली अंशांची पट्टी असते, आणि त्या पट्टीवरच्या शून्यावर विश्वास ठेवू नये हे या छंदातल्या कुणालाही विचारा. मी छोटा गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, टेबलावर ठेवून ब्लेडला टेकवला. वरच्या बाजूला उजेडाची बारीक फट दिसली. पट्टी शून्य म्हणत होती आणि टेबल अर्ध्या अंशाने कललेलं होतं.

झालं, सापडला चोर. टेबल सरळ केलं, खालचा पेच घट्ट केला, खात्रीसाठी चिरेची चाचणी केली. जाड टाकाऊ तुकड्यात तीन-चार मिमी खोल सरळ चीर पाडायची, मशीन बंद करायचं, तुकडा फिरवून ब्लेडच्या मागून तीच चीर ब्लेडवर सरकवायची. टेबल कललेलं असेल तर फिरवल्यावर कल उलटा होतो आणि फरक दुप्पट दिसतो, म्हणून ही चाचणी गुण्यापेक्षा चोख. ब्लेड चिरेत न घासता गेली. मग त्याच उत्साहात उरलेल्या फळीच्या तुकड्यात दोन घुंड्यांचा एक काप घेतला. ब्लेड तीच होती, बदलण्याचं कारणच वाटलं नाही. तो काप वरूनही अडकला आणि खालूनही.

दरम्यान मूळ कासवाचा सहावा काप मी लाकडी दांडी ठेवून मोगरीने ठोकून काढायला गेले. खोबणीचा एक ओठ तुटला. फळीचे तंतू डोक्यापासून शेपटीकडे धावत होते. घुंडी त्याच दिशेने पुढे येते म्हणून मजबूत, पण तिला कवेत घेणारा ओठ तंतूंना आडवा असतो. तिथे तंतू आखूड, हाताच्या दाबानेही तुटावा इतका कमकुवत. अडकलेला तुकडा ठोकून काढू नये, एवढं तरी त्या दिवशी पक्कं झालं.

अर्ध्या अंशाचा हिशेब

रात्री वही घेऊन बसले. हे आधीच करायला हवं होतं.

तुकडा सुटतो कारण कापाला रुंदी असते. पाच नंबरच्या ब्लेडचा पत्रा साधारण ०.४ मिमी जाड. माझ्या कापात फीलर गेजची (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडग्याची) ०.४५ मिमीची पट्टी जात होती, म्हणजे फट तेवढी. भिंत तिरकी असेल तर तुकडा वर सरकवताना ही फट हळूहळू भरत जाते आणि संपली की तुकडा अडकतो. किती वर गेल्यावर अडकेल ते फटीला कलाच्या साइनने भागून मिळतं. अर्धा अंश कल असेल तर ०.४५ भागिले ०.००८७, म्हणजे जवळजवळ ५२ मिमी. माझी फळी २० मिमीची. अर्ध्या अंशाने अडकायच्या आत तुकडा केव्हाच बाहेर आलेला असतो!

म्हणजे टेबलाचा दोष खरा होता, पण या गुन्ह्यात त्याचा हात नव्हता.

हाच हिशेब उलटा चालवला तर अडकलेला तुकडाच कोनमापक होतो. किती मिमी वर येऊन थांबला ते मोजा, आणि सगळ्यांत वाईट जागेचा कोन अंदाजे हातात येतो. अंदाजेच, कारण तुकडा फटीत थोडा बाजूलाही सरकतो. व्हर्नियर घेऊन मी एकेक काप मोजला. पहिले दोन मोकळे. तिसरा आणि चौथा जड, पण निघाले. पाचवा १७ मिमीवर थांबला, म्हणजे दीड अंश. सहाव्याचा ओठ तुटलेला, तरी खूण दिसत होती: १२ मिमी, दोन अंशांच्या थोडं वर. सातवा ९ मिमी: जवळजवळ तीन अंश. आठवा आखूड आणि एका घुंडीचा, तो १४ वर.

आकडे कापांच्या क्रमाने बिघडत गेले होते. टेबल कापागणिक कलत जात नाही.

हाच कल दुसऱ्या कामात कौशल्य म्हणून मुद्दाम दिला जातो. तिरप्या कापाच्या जडावकामात दोन रंगांच्या फळ्या एकमेकींवर ठेवून टेबल तिरकं करून कापतात, वरचा तुकडा खालच्या भोकात बसतो आणि बरोबर पृष्ठभागाशी येऊन घट्ट होतो. सहा मिमीची फळी आणि ०.३५ मिमीची फट असेल तर लागणारा कोन याच सूत्राने निघतो, सव्वातीन अंशांच्या थोडा वर. तिथे अडकणं म्हणजे काम फत्ते.

काकांचा अंगठा

शेजारचे काका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. ओतकामासाठी लाकडाचे नमुने बनवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. स्क्रोल सॉ त्यांनी कधी चालवलेला नाही. कासवाचा पाचवा तुकडा मी रेटून कसाबसा सोडवला होता, तो त्यांनी हातात घेतला, चष्मा कपाळावर ढकलला आणि अंगठ्याचं नख भिंतीवरून वरून खाली फिरवत नेलं. एकदा घुंडीच्या डाव्या अंगाला, एकदा उजव्या.

"अगं, हा ड्राफ्ट मुद्दाम दिलास का?"

"नाही हो काका, सरळच कापलं होतं." ड्राफ्ट म्हणजे नमुन्याच्या भिंतीला दिलेला कल.

"सरळ कसलं! हे बघ, इथे आत जातंय, इथे बाहेर येतंय. आमच्याकडे ड्राफ्ट एकाच बाजूला. वाळूतून नमुना वर उचलायचा तर सगळ्या भिंती वर उघडत गेल्या पाहिजेत, अंश-दोन अंश. तू असा नमुना आणला असतास तर मोल्डरने परत पाठवला असता."

नंतर मीही गुण्या धरून बघितलं. घुंडीच्या एका वळणावर भिंत डावीकडे कललेली, पुढच्या वळणावर उजवीकडे. माझ्या सगळ्या गोंधळाची किल्ली इथेच होती. टेबल कललेलं असतं तेव्हा रेषा कितीही वळली तरी ब्लेडच्या डाव्या हाताचा तुकडा सगळीकडे एकाच अर्थाने तिरका होतो. असा तुकडा एका बाजूने मोकळा निघतो आणि दुसऱ्या बाजूने अडकतो. माझे तुकडे दोन्ही बाजूंनी अडकत होते. वरून निघत नाही म्हणून खालून बघितलं आणि खालूनही निघालं नाही, तेव्हाच टेबल निर्दोष सुटलं होतं. पुरावा पहिल्या पाच मिनिटांत हातात आला होता आणि मी गुण्या शोधत बसले होते.

काका जाताना म्हणाले, "यंत्र असं इकडेतिकडे करत नाही. हात करतो."

मला ते जरा लागलं. पण आणखी एक यांत्रिक शक्यता उरली होती ती तपासून घेतली: वरची आणि खालची पकड एका रेषेत नसेल तर ब्लेड स्ट्रोकच्या वर एका जागी आणि खाली दुसऱ्या जागी असते. मोटारीची घुंडी हाताने फिरवत, ब्लेडला गुण्या लावून बघितलं. ब्लेड बाजूला हलली नाही. यंत्राकडे बोट दाखवायला आता जागा नव्हती.

कागदावरचा छाप

हात करतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला बघायचं होतं. सातवा काप अजून बंदच होता, ते बरंच झालं. कासवाच्या खालच्या बाजूवर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासली, नाण्यावर कागद ठेवून घासतात तशी. कापाची फट पांढरी रेघ होऊन उमटली. वरच्या बाजूचाही तसाच छाप घेतला. मग दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर एकमेकांवर धरले, खालचा अर्थात उलटा करून, बाहेरच्या कडा जुळवून.

पहिल्या-दुसऱ्या कापाच्या रेघा एकमेकींवर बसल्या. पाचव्यापासून त्या फाकायला लागल्या. सातव्यात दुसऱ्या घुंडीच्या मानेजवळ दोन रेघांमध्ये जवळजवळ १ मिमी अंतर होतं. २० मिमी जाडीत तीन अंश म्हणजे तेवढंच, वहीतला आकडा आणि काचेवरचा आकडा जुळले. आणि त्या जागी वरच्या बाजूला चिकटलेल्या नमुन्याच्या कागदावर काय होतं? मी रेघ सोडून उजवीकडे गेले होते आणि घाईने परत आले होते. बाकीच्या वाईट जागा बघितल्या. प्रत्येक ठिकाणी तेच: रेघ सुटली, परत आणली, आणि परत आणताना वरची रेघ आली, खालची मागे राहिली.

ब्लेड उजवीकडे का जाते हे ठाऊक असलेली गोष्ट आहे. दात पाडताना पत्र्याच्या एका अंगाला धारदार कंगोरा राहतो, साधारणपणे उजव्या, त्यामुळे ते अंग जास्त कापतं. म्हणून लाकूड नाकासमोर न देता थोडं तिरपं द्यायचं, आणि काही दिवसांत हाताला ते जमतं. मलाही जमलेलं आहे. पण ब्लेड बोथट झाल्यावर ती सवय पुरली नाही. रेघ हुकली की मी लाकूड *वळवत* नव्हते, बाजूला *सरकवत* होते. सरकवलेलं लाकूड ब्लेडला बाजूने दाबतं. ब्लेड म्हणजे दोन टोकांना ताणलेली पाच इंची पट्टी. बाजूने दाबली की ती धनुष्यासारखी वाकते आणि त्या वाकलेल्या अवस्थेतच कापत पुढे जाते. सातव्या कापाचा उघडा भाग कडेला दिसत होता, तिथे पोलादी पट्टी लावली. मध्यभागी पट्टीखालून उजेड आला. भिंत तिरकी तर होतीच, शिवाय तिला पोट होतं. पोट असलेली भिंत ना वर सरकू देते ना खाली.

पहिल्या दोन कापांत मी रेघ सोडली नव्हती का? सोडली होती, तीन ठिकाणी. तिथे फरक नगण्य. तोच हात, तीच वाईट सवय, पण ब्लेड तेव्हा बरी होती आणि सरकवल्यावर वाकण्याऐवजी कापत होती.

चार चकत्या

सवय आणि ब्लेड, दोघांत किती वाटा कुणाचा? त्याच फळीच्या उरलेल्या भागात ४० मिमी व्यासाच्या चार चकत्या कापल्या. कडेतून आत शिरून गोल फिरायचं, मग चकती वरून आणि खालून ढकलून बघायची.

नवी ब्लेड, नेहमीचा हात: सुमारे तीन मिनिटं लागली, चकती दोन्ही बाजूंनी आरपार. जुनी ब्लेड, नेहमीचा हात: ११ मिमीवर अडकली, दोन्हीकडून. जुनी ब्लेड, अगदी सावकाश, ब्लेड स्वतः कापेल तेवढंच लाकूड द्यायचं असं ठरवून: चकती निघाली, पण नऊ मिनिटं लागली आणि कडा काळी पडली. नवी ब्लेड, मुद्दाम घाईचा हात: १६ मिमी.

काकांनी फाटकातूनच विचारलं, उलट्या दिशेने फिरवून पाहिलंस का. नव्हतं पाहिलं. नव्या ब्लेडने पाचवी चकती उलट दिशेने कापली. टेबल कललेलं असतं तर तिचा कल पहिलीच्या उलट आला असता. तीही आरपार गेली.

दोघंही दोषी, पण जुनी ब्लेड जास्त. आणि ती इतकी लवकर का संपली याचं उत्तर सागात आहे. सागाच्या लाकडात नैसर्गिक सिलिका असते, वाळूचाच घटक. त्यामुळे सागावर रंध्याचं पातं काय आणि स्क्रोल सॉची ब्लेड काय, धार लवकर जाते. वर मी नव्या ब्लेडचा सगळ्यांत चांगला काळ बाहेरच्या रेषेवर उधळला होता. ती सत्तर सेंटिमीटरची रेषा कशाशीच जुळायची नव्हती, नंतर पॉलिश पेपरने घासूनच घ्यायची होती. तिथे भिंत दोन अंश तिरकी झाली असती तरी कुणाला कळलं नसतं. घुंड्यांची पाळी आली तेव्हा ब्लेड अर्धी दमलेली. दमलेली ब्लेड कापत नाही, म्हणून मी रेटत होते. रेटल्यावर ती रेघ सोडत होती, म्हणून सरकवत होते. कमी वेगाने भर घातली: स्ट्रोक कमी आणि लाकूड देण्याचा वेग तोच, म्हणजे प्रत्येक दाताला जास्त लाकूड, म्हणजे आणखी रेटणं. जळू नये म्हणून वेग कमी केला आणि नेमक्या मागच्या चार कापांच्या भिंती तपकिरी झाल्या होत्या. आधी तो मला सागाचा रंग वाटला होता!

सागाच्या धुळीचा उल्लेख इथेच करते. ती काहींच्या त्वचेला आणि घशाला बाधते, आणि लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. चकत्यांच्या दिवशी मी मास्क न लावता बसले होते आणि संध्याकाळभर खोकत होते.

दुसरं कासव

नमुना तोच, फळी त्याच लाकडाची. बाहेरची रेषा जुन्या ब्लेडने कापली. कपाटात अशा अर्धमेल्या ब्लेडींचा एक डबा असतोच, त्याला पहिल्यांदाच काम मिळालं. घुंड्यांसाठी पाचऐवजी सात नंबर घेतली. २० मिमी कठीण लाकडाला पाच नंबर तशी नाजूकच. सात नंबरचा पत्रा जाड, कमी वाकतो, दात विरळ असल्यामुळे भुसा लवकर बाहेर येतो. तिच्याने घुंडीची मान पाचइतकी बारीक वळत नाही, म्हणून नमुन्यात माना किंचित रुंद केल्या.

ताण वाढवला. बोटाने छेडल्यावर आधी 'टुक' असा आवाज यायचा, आता तारेसारखा वाजला. बाजूने बोटाने दाबल्यावर तीन मिमीपेक्षा जास्त हलू नये हा अंदाज मी आता प्रत्येक ब्लेड बदलल्यावर तपासते. वेग हजार-अकराशेपर्यंत नेला. नमुन्यावर पारदर्शक पॅकिंग टेप लावली. तिच्यामुळे काप कमी जळतो असा बहुतेकांचा अनुभव आहे, माझाही. आणि दर दोन कापांनंतर ब्लेड बदलली, ती चांगली वाटत असली तरी. हे सगळ्यांत जड गेलं. 'अजून कापतेय की' हा आतला आवाज फार पटणारा असतो.

हाताचं काय? त्यासाठी एक खोड लावून घेतली. प्रत्येक घुंडीच्या डोक्यावर आणि मानेवर थांबायचं, मशीन चालूच ठेवून बोटांचा दाब काढून घ्यायचा. फळी उडू नये इतकी हलकी बोटं वर ठेवायची, पण ढकलायचं नाही. लाकूड स्वतःहून जरा बाजूला सरकलं, तर ब्लेड वाकलेली होती आणि तुम्ही तिला दाबत होता. नाही सरकलं, तर पुढे चला. पहिल्या कासवाच्या वेळी असं थांबले असते तर फळी टुणकन सरकली असती. यावेळी पहिल्या कापात ती दोनदा सरकली, तिसऱ्यात एकदा, नंतर नाही. रेघ सुटली तर सोडून द्यायची, लाकूड वळवून पुढच्या दहा-पंधरा मिमीत हळूच परत यायचं. कोड्याच्या कापाला नमुन्याची रेघ पाळायची गरजच नसते. दोन्ही तुकडे त्याच कापातून जन्माला येतात. मी हे जाणत होते आणि तरी हात रेघेकडे धावत होता, फ्रेटवर्कची सवय. जाळीकामात रेघ हेच सर्वस्व, तिथे बारीक पट्टी अर्धा मिमी कमी झाली की डोळ्याला खुपते. इथे अर्धा मिमी गेला तर कासवालाही कळत नाही.

आणि प्रत्येक काप झाला की तुकडा तिथल्या तिथे वर काढला, खाली काढला, बाजूला ठेवला.

आठपैकी सात काप दोन्ही बाजूंनी निघतात. सहावा वरून मोकळा आहे, खालून १८ मिमीवर येऊन थांबतो. तिथे फळीत एक छोटी गाठ होती, तिच्याभोवती तंतू फिरलेले, आणि ब्लेड मऊ बाजूला झुकली असणार. त्याच्या भिंतीवर मेणबत्तीचं मेण घासलं, आता दोन मिमी जास्त रेटल्यावर निघतो. भिंती पॉलिश पेपरने घासायचा मोह आवरला, कारण घासलेला काप सैल होतो आणि सैल झालेला परत घट्ट होत नाही. पॉलिश फक्त वरून आणि खालून दिलं. भिंतींना लावलं असतं तर थरांनी ती अर्ध्या मिमीची फटच खाल्ली असती.

पहिलं कासव टेबलावर कागदांवर वजन म्हणून असतं. सहाव्या कापाचा तुटलेला ओठ चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोनने पुसून घेतला, साग तेलकट असतो, नाहीतर गोंद धरत नाही. सातवा काप मी अजून उघडलेला नाही. काका आले की कासव उचलतात, त्या कापावरून नख फिरवतात आणि विचारतात, "निघालं का गं?"